सायकल सुधारावी की बदलावी?

मंडळी, जून महिना आला आणि मृगाचा एखादा पाऊस पडून गेला, की आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत एक प्रश्न उभा राहतो. शाळा उघडलेली असते. वह्या-पुस्तके, गणवेश, दप्तर यांचा खर्च कसाबसा भागलेला असतो. तेवढ्यात घरातली सायकल कुरकुरते, चेन टाकते, ब्रेक लागत नाही. मग कोणी म्हणतो, "काढून टाका हे डबडे, आता चांगली भारी सायकल घेऊ." आणि घरातले वडीलधारे म्हणतात, "अहो, दोन वर्षांपूर्वीच तर घेतली होती!"

दोघांचेही म्हणणे अर्धे खरे असते. उरलेले अर्धे कसे शोधावे, हे आज आपण पाहू.

सोनईपासून चार किलोमीटरवर, चारीच्या कडेला एक वस्ती आहे, असे धरून चला. कुटुंब कष्टाचे, थोडा ऊस, थोडा कांदा, दोन जनावरे. मुलगी यंदा आठवीत गेली. थोरला भाऊ वापरत होता ती स्वस्तातली सायकल आता तिच्याकडे आली. लाल-पिवळा रंग, पुढे-मागे स्प्रिंगा, जाडजूड टायर. दिसायला मोठी ऐटदार. पण श्रावणात ती दोनदा बंद पडली, भाद्रपदात चाक वाकडे झाले. मुलगा असता तर कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून गेला असता. मुलीला तसे पाठवायला घरचे कचरतात. म्हणून सायकल ज्या दिवशी बंद, त्या दिवशी तिची शाळा बंद. असे महिन्यातून चार-पाच दिवस बुडाले, की गणित मागे पडते, मग गोडी कमी होते, आणि एके दिवशी घरातच बोलणे निघते, "एवढी ओढाताण करून शाळेत जायचे तरी कशाला?"

तेव्हा ध्यानात घ्या, सायकलीचा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना काढली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या तिच्यामुळे वाढल्याचे दिसले. आणि ही वाढ मुख्यतः कोठे झाली? तर जिथून शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती, त्या गावांत. आपल्या वस्तीवरची मुलगी नेमकी अशाच अंतरावर राहते.

जुन्या माणसांना हा प्रश्न पडत नसे, कारण निवडायला फारसे काही नव्हते. दोन सारख्या चाकांची, चेनने चालणारी सायकल इंग्लंडात १८८५ च्या सुमारास रूढ झाली. हवेचा टायर डनलॉपने १८८८ साली काढला. आणि त्याच १८८८ साली आपल्याकडे बेळगावात किर्लोस्करांचे सायकलचे दुकान निघाले. होय, ज्यांचा लोखंडी नांगर पुढे घरोघर गेला तेच लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांच्या उद्योगाचा आरंभ सायकली विकण्यापासून आणि दुरुस्त करण्यापासून झाला. पुढे त्यांनी नांगर केला, तेव्हा पहिले नांगर खपायला बराच काळ लागला. लाकडी नांगर स्वस्त, गावातला सुतार करून देई, लोखंडी महाग. शेतकऱ्याने घाई केली नाही. त्याने पाहिले, विचारले, दुसऱ्याच्या शेतात चालताना पारखले आणि मग घेतला. सायकल घेतानाही हीच रीत बरी.

स्वातंत्र्यानंतर देशात सायकलीचे मोठे कारखाने उभे राहिले. १९४९ साली मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनीपतला ॲटलास, १९५६ साली लुधियानात हीरो. यांतल्या ॲटलासचा शेवटचा कारखाना २०२० साली बंद पडला, पण काळी, उंच, अठ्ठावीस इंची सायकल मागे उरलीच. तिचा एक गुण असा, की कंपनी कोणतीही असो, टायर, ट्यूब, छर्रे, कोन, कॉटर बहुतेक एकाच मापाचे. त्यामुळे गावोगावचा मिस्त्री ती डोळे झाकून उघडतो आणि जोडतो. हा गुण विसरू नका. पुढे तो कामाला येणार आहे.

आता "स्वस्त" आणि "चांगली" या दोन शब्दांचा अर्थ नीट लावू. हल्ली दुकानात ढोबळ मानाने तीन जातीच्या सायकली दिसतात. एक जात आपल्या वस्तीवरच्या सायकलीसारखी: भपकेबाज, स्प्रिंगांची, कमी किमतीची. दुसरी जात साधी आणि दणकट: काळी सायकल किंवा मुलींची बिनदांड्याची सायकल, पुढे टोपली, मागे कॅरिअर. तिसरी जात महाग: ॲल्युमिनियमची हलकी चौकट, खरे गिअर, चांगल्या प्रतीचे ब्रेक.

लोकांची फसगत कोठे होते, तर पहिल्या जातीत. ती दिसते तिसऱ्या जातीसारखी आणि किंमत असते दुसऱ्या जातीच्या आसपास. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातला प्रकार. स्प्रिंग आली म्हणजे सायकल भारी झाली, असे नाही. स्वस्तातली स्प्रिंग म्हणजे आणखी तीन-चार किलो लोखंड. आपण पायडल मारतो त्यातला काही जोर ती स्प्रिंगच दाबून खाते. वर्षभरात तिचे सांधे ढिले पडतात आणि मग प्रत्येक खड्ड्यात खडखडाट.

मग चांगली सायकल ओळखावी कशावरून? रंगावरून नव्हे, चिकटवलेल्या अक्षरांवरून तर नव्हेच. सायकलीचे कस दोन ठिकाणी असते: जिथे ती फिरते तिथे आणि जिथे ती धरते तिथे. फिरते म्हणजे दोन्ही चाकांचे मधले अॅक्सल, पायडलांचा अॅक्सल, हँडलचा सांधा. धरते म्हणजे ब्रेक, टायर आणि चौकटीचे जोड. हे नीट असेल तर रंग गेलेली सायकलही वीस वर्षे चालते.

आता आपला रस्ता पाहू, कारण सायकल रस्त्यासाठी घ्यायची असते. सोनईचा मुलूख बहुतेक सपाट, मुळेच्या कालव्याचे पाणी, काळी जमीन, चहूकडे ऊस. शिंगणापूर, घोडेगाव, चांदा, करजगाव या बाजूंना जाताना मोठा चढ लागत नाही. तेव्हा चढासाठी गिअर हवेत, ही गरज इथे फार थोडी. वारा मात्र आहे. आषाढात पश्चिमेचा वारा सुटला, की राहुरीकडे तोंड करून सायकल मारणे म्हणजे चढच.

दुसरी गोष्ट चिखलाची. डांबरी सोडून वस्तीच्या वाटेला लागलात, की काळी माती टायरला बसते, टायर आणि मडगार्डच्या फटीत अडकते आणि चाक जागेवर थांबते. जाड टायर आणि अरुंद फट असेल तर लवकर थांबते. आपल्याकडे टायर बेताचा आणि मडगार्डची फट मोठी, हेच सोयीचे.

तिसरी गोष्ट काट्यांची. बांधावरची बाभूळ आणि वाटेवरचे सराटे यांना महाग टायर आणि स्वस्त टायर असा भेद कळत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर टायरवरून नजर फिरवा आणि रुतलेला सराटा तेव्हाच उपटून टाका. वर वर बसलेला काटा दुसऱ्या दिवशी दाबून दाबून ट्यूबपर्यंत जातो. जुन्या टायरची पट्टी कापून टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालायची आपली रीतही चांगली आहे. सायकल थोडी जड चालते, पण पंक्चर कमी होतात.

आणि चौथी गोष्ट उसाच्या हंगामाची. मुळा कारखान्याचे गाळप सुरू झाले, की ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या लागतात, बैलगाड्यांच्या रांगा लागतात. थंडीत दिवस लवकर मावळतो. अशा वेळी मागून येणाऱ्याला सायकल दिसली पाहिजे. मागच्या मडगार्डला लाल चकाकी, पायडलांना पिवळी चकाकी आणि एक छोटा दिवा, ही हौस नव्हे. सायकल बदला अगर बदलू नका, एवढे आजच लावा.

एवढे पाहिल्यावर नवीन सायकलीच्या दुकानात जायचे का? थांबा. आधी घरातल्या सायकलीची तपासणी करा. अर्ध्या तासाचे काम आहे. शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे, की एका शनिवारी हे वर्गातच करून पाहावे. विज्ञान होईल, गणित होईल आणि चार मुलांच्या सायकलीही सुधारतील.

पहिली पाहणी हाडांची. चौकट आणि पुढचा चिमटा ही सायकलीची हाडे. फडक्याने पुसून प्रत्येक जोडाजवळ बारीक तडा आहे का पाहा. दूर उभे राहून पुढचे व मागचे चाक एका रेषेत आहे का पाहा. तडा असेल किंवा चौकट वाकली असेल, तर त्या सायकलीवर आणखी पैसा घालू नका. तिथे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा. शिवाय तुटली तर रस्त्यात तुटते, घरी नव्हे.

दुसरी पाहणी सांध्यांची. सायकल स्टँडवर लावा. चाक वरून धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखड वाजले तर कोन ढिले आहेत. पायडलाचा हात धरून असाच हलवा. प्रत्येक फेरीला "कट्" असा आवाज येत असेल, तर कॉटर झिजला आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हिसकली आणि हँडलखाली ठोका बसला, तर तिथला सांधा सैल आहे. हे सगळे दुरुस्त होते. छर्रे, ग्रीस आणि मिस्त्रीची मजुरी एवढेच लागते.

तिसरी पाहणी चेनची. तिच्यासाठी शाळेची फूटपट्टी पुरे. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. चेन नवी असेल तर बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या एका पिनेचा मध्य येतो. मध्ये २४ कड्या होतात. ती पीन इंचाचा आठवा भाग पुढे सरकली असेल, तर चेन ताणली गेली आहे, ती बदला. न बदलाल तर ती दातऱ्याचे आणि फ्रीव्हीलचे दात खाईल, आणि एका चेनच्या पैशात भागणारे काम तिप्पट होईल.

चौथी पाहणी चाकाची. रिंगेजवळ बोट धरून चाक फिरवा. रिंग एकदा बोटाला लागते आणि एकदा दूर जाते, म्हणजे चाकाला आऊट आहे. आऊट काढता येतो, मात्र रिंगच दबली असेल तर बदलावी लागते.

पाचवी पाहणी ब्रेकची. ब्रेक दाबून सायकल ढकला. चाक फिरता कामा नये. आणि इथे एक खुबी सांगतो. रिंगेला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर रिंग लोखंडी, नाही चिकटला तर बहुधा ॲल्युमिनियमची. चकाकणारी लोखंडी रिंग पावसात भिजली, की ब्रेकचे रबर तिच्यावरून घसरते आणि सायकल थांबायला कोरड्यापेक्षा पुष्कळ जास्त अंतर लागते. ॲल्युमिनियमची रिंग ओलीतही बरी धरते. चांगल्या सायकलीसाठी जास्त पैसे का मोजावेत, याचे पहिले खरे कारण हे आहे. वेग दुसरा, जीव पहिला.

सहावी पाहणी मापाची, आणि हीच सर्वांत जास्त विसरली जाते. सीटवर बसून टाच पायडलावर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तो बरोबर. पुष्कळ मुले सीट खाली ठेवून गुडघे छातीशी आणून सायकल मारतात आणि म्हणतात, सायकल जड चालते. सायकल जड नसते, सीट खाली असते. उलट काही आई-वडील गणवेशासारखी सायकलही वाढत्या अंगाची घेतात. गणवेश ढगळ झाला तर चालतो; सायकल ढगळ झाली, तर पाय जमिनीला टेकत नाहीत आणि मूल ट्रॉलीखाली जायची भीती.

आता कोणी विचारील, "हलकी सायकल घेतली तर श्रम वाचतील ना?" वाचतील, पण किती? मुलीचे वजन ४२ किलो, दप्तर ५ किलो, सायकल २० किलो. एकूण ६७ किलो. तासाला १५ किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर जाताना ढोबळ मानाने निम्मा जोर टायर आणि रस्त्याच्या घर्षणात जातो आणि निम्मा हवा कापण्यात. समजा पुष्कळ पैसे घालून सायकल ५ किलो हलकी घेतली. एकूण वजनात शंभरी सातचा फरक पडला, तोही फक्त घर्षणाच्या निम्म्यात. म्हणजे श्रमात शंभरात तीन-चारचा फरक. टायरमध्ये हवा कमी असेल, तर याहून कितीतरी जास्त श्रम फुकट जातात. हवा भरायला किती पैसे लागतात, ते तुम्ही जाणताच. टायरच्या कडेला हवेचा आकडा उठवलेला असतो, तो मुलांना वाचायला लावा आणि आठवड्यातून एकदा हवा भरायची सवय लावा. महागाची सायकल घेऊन तिच्यात हवा न भरणे म्हणजे सोन्याचा नांगर करून त्याला फाळ न लावणे.

गिअरचाही असाच हिशेब करून पाहा. काळ्या सायकलीच्या पुढच्या दातऱ्याला ४८ दात आणि मागे १८ दात असतील, तर पायडलाच्या एका फेरीत चाक पावणेतीनच्या आतबाहेर फिरते. चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर. म्हणजे एका फेरीत सायकल साधारण ५.९ मीटर जाते. पुढे ४४ दात असतील, तर साधारण ५.४ मीटर. लहान चणीच्या मुलीला, किंवा वाऱ्याविरुद्ध रोज जाणाऱ्याला, ४४ चा दातरा हलका पडतो. मिस्त्रीकडून दातरा किंवा फ्रीव्हील बदलून घेतले, की गिअरचे अर्धे काम फुकटासारखे होते.

आता पैशाचा हिशेब. मी घेतो ते आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. तुम्ही आपल्या दुकानातले भाव घालून तोच हिशेब करा. आठवी ते बारावी, पाच वर्षे. शिक्षण हक्काच्या कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाचे २२० दिवस शाळेचे धरले आहेत, तेच पुढेही धरू. पाच वर्षांचे ११०० दिवस झाले. रोज जाऊन-येऊन ८ किलोमीटर, म्हणजे एकंदर ८८०० किलोमीटर. थोडके नाही!

भपक्याची स्वस्त सायकल ६००० रुपयांना घेतली, ती दोन वर्षे टिकली. पाच वर्षांत तीनदा खरेदी, १८००० रुपये. वरचेवर दुरुस्ती वर्षाला १५००, ती ७५०० रुपये. एकूण २५५००. म्हणजे शाळेच्या दिवसाला सुमारे २३ रुपये.

साधी, दणकट सायकल ९००० रुपयांना घेतली, ती पाच वर्षे चालली. दुरुस्ती वर्षाला ७००, ती ३५०० रुपये. एकूण १२५००. दिवसाला साडेअकरा रुपयांच्या आत.

महागाची गिअरची सायकल २०००० रुपयांना घेतली. दुरुस्ती आणि सुटे भाग वर्षाला १५००, ते ७५०० रुपये. एकूण २७५००. दिवसाला २५ रुपये.

बघा, पाच वर्षांच्या शेवटी भपक्याची स्वस्त सायकल आणि महागाची सायकल जवळजवळ सारख्याच भावाला पडल्या! स्वस्त म्हणून घेतली ती स्वस्त राहिलीच नाही. आणि या हिशेबात बुडालेले शाळेचे दिवस मी धरलेले नाहीत. त्यांची किंमत रुपयांत कशी लावायची, ते तुम्हीच सांगा.

तर मग निवाडा काय? मी तो तीन भागांत सांगतो.

हाडे शाबूत आहेत, माप बसते आहे, आणि मिस्त्रीने सांगितलेला सगळा खर्च चांगल्या नव्या साध्या सायकलीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत आहे, तर सुधारा. एकदाच ओव्हरऑइल करून घ्या. टायर, चेन, ब्रेकची रबरे एकदम बदला. थोडे थोडे करत गेलात तर मजुरी चारदा जाते.

हाडे बिघडली आहेत, किंवा माप बसत नाही, किंवा सायकल दर महिन्याला बंद पडते, तर बदला. पण रोजचे अंतर आठ-दहा किलोमीटर असेल, तर साधी, दणकट सायकलच घ्या. वरचे पैसे उरले, तर ते ॲल्युमिनियमच्या रिंगा, चांगल्या कंपनीचे टायर आणि दिवा यांवर घाला.

आणि महागाची चांगली सायकल कोणासाठी? जो रोज पंचवीस-तीस किलोमीटर सायकल मारतो, वाऱ्याविरुद्ध राहुरीच्या बाजूला जातो, किंवा ज्याला गुडघ्याचे दुखणे आहे, त्याला सहा-सात खरे गिअर, बंदिस्त बेअरिंग आणि उत्तम ब्रेक यांचा रोज उपयोग होतो. एखादे गुरुजी मोटारसायकल ठेवून सायकलवर शाळेला जायचे ठरवीत असतील, तर त्यांनी ती अवश्य घ्यावी. पेट्रोलचे पैसे वाचतात आणि मुलांपुढे उदाहरणही राहते. पण आधी एक विचारा: हिचा गिअर बिघडला तर दुरुस्त कोण करील? त्यासाठी दर वेळी अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या नगरला, किंवा छत्रपती संभाजीनगरला जावे लागणार असेल, तर तो खर्च आणि ते दिवस किमतीत धरा. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

घ्यायला जाल तेव्हा जिच्यासाठी सायकल घ्यायची तिला बरोबर न्या. तिला बसवून, चालवून पाहू द्या. मुलीची सायकल असेल तर पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवीच. ओढणी चाकात अडकून अपघात होतात. मिस्त्रीलाही बरोबर घ्या, नाहीतर आधी विचारून जा. तो ज्या सायकली रोज उघडतो, त्यांची खरी जात त्याला ठाऊक असते. जुनी पण चांगल्या जातीची सायकल मिळत असेल तर लाजू नका. वरच्या सहा पाहण्या तिलाही लावा, आणि मूळ पावती मागा. शिंगणापुरात घरांना कडी-कुलूप नसते अशी ख्याती आहे. सायकलीला मात्र कुलूप लावूनच शिंगणापुरात जा.

आणखी एक. २०२५ च्या सप्टेंबरपासून सायकलींवरचा जी.एस.टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पावती घ्या आणि तिच्यावर हा दर पाहा. पावती नसेल तर हमीही नाही. नवी सायकल पहिल्या महिन्यात तारा आणि सांधे बसवून घेते, म्हणून महिन्याने एकदा मिस्त्रीकडून सगळे आवळून घ्यायला विसरू नका. नवी सायकल लवकर बिघडण्याचे हे एक मोठे कारण असते, आणि दोष मात्र कंपनीला जातो.

शाळांना एक सुचवावेसे वाटते. एक हवेचा पंप, दोन पाने, पंक्चरचे सामान आणि तेलाची डबी, एवढे सामान शाळेत ठेवा. आठवी-नववीच्या मुलामुलींना पंक्चर काढायला शिकवा. मुलींना आधी शिकवा. जिला स्वतःचे पंक्चर काढता येते ती वाटेत अडून बसत नाही. आपला हात जगन्नाथ.

आता आपल्या वस्तीवरच्या मुलीकडे परत येऊ. तिच्या सायकलीची पाहणी केली. चिमट्याजवळ तडा निघाला. म्हणजे ती सुधारायची नाही. वडिलांच्या मनात महागाची घ्यावी असे होते. पण कांद्याचा भाव पडला होता. आईने हिशेब केला, मिस्त्रीला विचारले, आणि साधी, बिनदांड्याची, तिच्या मापाची सायकल घरी आली. जुन्या सायकलीचे चांगले टायर काढून ठेवले. ऐट थोडी कमी झाली. भाऊ हसला, "म्हातारीची सायकल!" म्हणाला. मुलगी मात्र भर पावसात, उसाच्या ट्रॉल्यांच्या कडेकडेने, लाल चकाकी लावून वेळेवर शाळेत पोहोचू लागली.

मंडळी, सायकल भारी कोणती, हे दुकानात ठरत नाही. वर्षाअखेर शाळेच्या हजेरीपुस्तकात ठरते. तुमच्या घरातल्या सायकलीची पाहणी येत्या रविवारी करा, फूटपट्टी आणि लोहचुंबक हाताशी ठेवा, आणि मगच पैशाच्या पिशवीला हात घाला.